फरशीच्या आधी उतार बघा
अभ्यासपाठ : कमी खर्चात स्वयंपाकघर आणि न्हाणी सुधारताना

तायांनो, दिवाळी किंवा घरातलं लग्नकार्य जवळ आलं की गटाच्या बैठकीत 'घरदुरुस्ती'साठी कर्जमागणी वाढते. कसली दुरुस्ती असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. स्वयंपाकघरात टाइल्स बसवायच्या, ओट्याला काळा ग्रॅनाइट लावायचा आणि बाथरूम जरा 'चांगलं' करायचं. या इच्छेत वावगं काहीच नाही. आपला निम्मा दिवस या दोन जागांत जातो आणि घरातला पैसा त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी येतो. पुढची खोली रंगते, टीव्हीला शोकेस होतं, आणि चुलीपर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले असतात. त्यामुळे मागणी रास्तच आहे. गडबड होते ती कुठलं काम आधी करायचं यात.

टाइल्स लावल्या म्हणून धूर बाहेर जात नाही. मोरीचा उतार उलटा असेल तर नव्या फरशीवरही पाणी साचतंच, उलट ती गुळगुळीत असल्यामुळे सासूबाईंचा पाय घसरायची भीती वाढते. म्हणून या पाठात पाणी, धूर, उजेड, पाठ-कंबर आणि शेवटी रंग, अशा क्रमाने जाऊ. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीचं एक काम आहे, ते शेवटी सांगते.

आधी दोन दिवस नुसतं बघा

याला एक रुपयाही लागत नाही. मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. जिथे थांबेल तिथे कोळशाने खूण करा. न्हाणीत तसंच, ओट्यावर तसंच. सकाळी चूल पेटल्यावर धूर आधी कुठे जातो, दाराकडे की तुमच्या तोंडाकडे, ते बघा. चूल बंद असताना तिच्या जागी उदबत्ती लावून ठेवली तरी हवेची दिशा कळते. दुपारी बारा वाजता दिवा न लावता तांदळातले खडे दिसतात का? पाण्याची घागर दिवसातून किती वेळा जमिनीवरून उचलता? हे मुलांना वहीत लिहायला सांगा, त्यांना मजा येते आणि तुमच्या हातात गवंड्याला दाखवायला काहीतरी असतं. नाहीतर गवंडी येतो, घरातल्या पुरुषमाणसाशी बोलतो आणि मोरी कुठे करायची ते दोघंच ठरवतात. भांडी कोण घासतं?

पाणी

सगळ्यात आधी मोरी, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. फरशीचा उतार साधारण चार फुटाला एक इंच असावा. एवढा उतार डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून गवंड्याकडून पाणसळीने तपासून घ्या. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, त्यावरून जमीन किती खाली-वर आहे ते कळतं. काही गवंडी म्हणतात, "ताई, नजरेने होतंय." होत असेल. तरी सिमेंट ओलं असतानाच बघा. सुकल्यावर फोडायचे पैसे तुम्हालाच लागणार.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो कोपरा सिमेंटने गोलसर करून घ्या. तिथे घाण बसत नाही आणि भिंतीत पाणी मुरत नाही. न्हाणीच्या भिंतीला निदान तीन फुटांपर्यंत चांगला गिलावा हवा. एक घमेलं सिमेंटला चार घमेली चाळलेली वाळू हे प्रमाण पुरतं. सिमेंट वाचवायला सहा घमेली घातली तर दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. गिलावा झाल्यावर सात दिवस पाणी मारायचं, तेही दुपारचं ऊन चुकवून आणि ओली पोती टाकून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाणी टँकरचं. अशा वेळी हे काम काढूच नका. दिवाळीनंतर काढा.

पाणी जाण्याच्या भोकावर नुसती जाळी ठेवू नका, नहाणी ट्रॅप बसवा. त्याच्या वाटीत थोडं पाणी कायम राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं, ऊसतोडीला किंवा माहेरी गेलात, तर ते पाणी सुकतं आणि वास येतो. आल्यावर तांब्याभर पाणी ओतलं की झालं, प्लंबर बोलवायची गरज नाही.

आता हे पाणी जाणार कुठे? बऱ्याच घरांचं दारासमोर जातं आणि शेजारणीशी भांडण लावतं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. आपल्या माढा तालुक्यातली टेंभुर्णी नव्हे, ही दुसरी. तिथे गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद झाली आणि डास हटले. तो 'नांदेड पॅटर्न' पुढे बऱ्याच ठिकाणी गेला. पद्धत साधी आहे. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. त्याच्या आधी एक छोटी टाकी ठेवतात, म्हणजे राख, खरकटं, गाळ तिथेच अडतो आणि काढता येतो.

पण आपल्या जिल्ह्यात एक अडचण आहे, ती म्हणजे काळी माती. ती पाणी धरून ठेवते, मुरू देत नाही. म्हणून खड्डा खणायच्या आधी परीक्षा घ्या. हातभर खड्डा करून दोन बादल्या पाणी ओता, ते मुरलं की परत ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच दिसलं तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खणता आलं तर खणा, नाहीतर ते पाणी परसबागेला वळवा. केळी, अळू, कर्दळ या पाण्यावर छान येतात. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असेल तर खड्डा तीस फुटांपेक्षा जवळ नको. रोजगार हमीतून शोषखड्ड्यांची कामं झालेली आहेत. तुमच्या गावात आता काय मिळतं ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि एकटीने नको, ग्रामसंघाच्या पत्रावर विचारा.

न्हाणी आणि संडास

ज्यांच्याकडे न्हाणी म्हणजे चार बांबू आणि जुनी साडी आहे, त्यांनी टाइल्सचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. उजाडायच्या आत घाईघाईने आंघोळ उरकणं, पाळीच्या दिवसांत नीट धुता न येणं, हे रोजचं आहे. त्यासाठी चार बाय चार फुटांची जागा, पाच-साडेपाच फूट उंच विटांची भिंत, शहाबादी फरशी आणि आतून लागणारी कडी एवढं पुरतं. दार पत्र्याचं चालेल. आत कपडे टांगायला खुंटी आणि साबण ठेवायला कोनाडा मात्र भिंत बांधतानाच करून घ्या, नंतर छिन्नी लावू नका. भिंतीत एक जाड पाइप आडवा बसवला तर म्हाताऱ्या माणसाला आणि दिवस राहिलेल्या बाईला धरून उठता येतं.

शहाबादी फरशी आपल्याला जवळची आहे, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिचं नाव पडलं. न्हाणीत खडबडीत बाजू वर ठेवा. आणि एक लक्षात घ्या, हा चुनखडीचा दगड आहे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला दुकानातलं ॲसिड ओतलं की दगड फसफसतो, म्हणजे तो स्वतःच विरघळत असतो. सिमेंटचे सांधेही खाल्ले जातात. शहाबादीवर घासणी आणि साबण, बस. नळाच्या तोटीवरचे क्षार चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने निघतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांच्या अनुदानातून ज्यांचे दोन खड्ड्यांचे संडास झाले, त्यातल्या काहीजणी आता त्याच्या शेजारी न्हाणी जोडून घेतात. जोडा, पण न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. खड्डा लवकर भरतो आणि मैला कुजत नाही. दोन खड्डे एकाच वेळी वापरायचे नसतात. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद केलेल्या खड्ड्याचं साधारण दोन वर्षांत खत होतं. दोन्हींच्या मधला चेंबर सुधारणेच्या नादात फरशीखाली गाडला गेला तर खड्डा बदलायचा कसा? गवंड्याला हे आधीच बजावा.

धूर आणि उजेड

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि बहुतेक घरांत सिलिंडर आला. तरी ज्वारीच्या भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. सिलिंडर महाग, आणि खरं सांगायचं तर भाकरी चुलीवरचीच आवडते. तेव्हा चूल राहणार असं धरूनच सुधारणा करू.

गरम धूर वर जातो. त्याला वरूनच वाट द्यायची. जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणं ठेवत, त्यातून धूर जायचा आणि उजेड यायचा. पत्र्याचं किंवा स्लॅबचं घर बांधताना आपण ते विसरलो. चुलीच्या वर, छताला लागून भिंतीत एक विटेची जाळी, आणि समोरच्या भिंतीत खाली हवा आत यायला एक, एवढ्याने बराच फरक पडतो. वैलाची चूल असेल तर धुराड्याची चूल करून घेता येते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने अशा दोन भांड्यांच्या 'लक्ष्मी' चुली महाराष्ट्रात बऱ्याच गावांत नेल्या. धुराड्याचा पाइप छपराच्या निदान दोन फूट वर हवा आणि महिन्यातून एकदा काजळी झाडायला हवी. काजळीने पाइप तुंबला की लोक चुलीला नावं ठेवतात आणि ती फोडतात. चूल बिचारी काय करणार?

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका, नवीन ओट्याखाली दारं लावण्याची हौस असली तरी. तो उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा वर, आणि पेटती चूल त्याच्यापासून लांब. नारंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, आजच बघा.

उजेडासाठी पत्र्याच्या घरात एक पारदर्शक पत्रा पुरतो. पण तो नेमका चुलीवर नको, काळा होतो. ओटा जिथे आहे तिथे टाका.

ज्या ताया विड्या वळतात त्यांच्यासाठी वेगळं सांगते. तंबाखूचं सूप आणि पानं स्वयंपाकघरात असतात, कारण घरात दुसरी जागाच नसते. तंबाखूची धूळ पिठात जाते, रांगत्या बाळाच्या हाताला लागते. खिडकीपाशी, मुलांचा हात पोचणार नाही अशी एक फळी फक्त सुपासाठी ठेवा, खाली दोन ब्रॅकेट आणि वर जुन्या दाराची फळी. कुंभारीला २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरं मिळाली, आणि तिथल्याच रे नगरमधल्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढी घरं बांधायची म्हणजे नकाशा सगळ्यांना एकच असतो. भाकरी कुठे थापायची आणि सूप कुठे ठेवायचं हे नकाशात नसतं, ते जिचं तिलाच बसवावं लागतं.

ओटा आणि कंबर

बाजारातला ठरीव ओटा बत्तीस-चौतीस इंच उंच असतो. तुमचा ओटा तुमच्या मापाचा हवा. सरळ उभ्या राहा, कोपर दुमडा, आणि कोपरापासून साधारण चार इंच खाली ओट्याची कड येऊ द्या. भाकरीचं मात्र वेगळं असतं. थापताना खांद्याचा जोर लागतो, उंच ओट्यावर हात भरून येतात. म्हणून परात ठेवायला बुटकी जागा सोडा, किंवा बसूनच थापा. उभ्याने सगळं केलं म्हणजे मॉडर्न, असं काही नसतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उभा ओटा बरा, ज्यांची कंबर दुखते त्यांनी दोन्ही करून बघावं.

ओट्याला ग्रॅनाइट लागत नाही. विटांच्या दोन-तीन आडभिंती आणि वर कडप्पा टाकला की झालं, मधल्या खणांत डबे बसतात. दोन भिंतींमध्ये अंतर फार ठेवू नका, जड पाटा-वरवंटा ठेवला तर कडप्पा तडकतो. पाण्यासाठी गुडघ्याएवढा एक कट्टा करा आणि माठाला तोटी लावून घ्या. दिवसातून दहा वेळा वाकणं वाचतं आणि पाण्यात कुणाचा हात जात नाही. साठवणीचे रांजण-बॅरल आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करायचे, डेंगीचे डास त्यातच वाढतात.

रंग शेवटी

रंगाला चुना चांगला. स्वस्त असतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि अंधारी खोली उजळवतो. पत्र्यावर वरून पांढरा चुना मारला तर उन्हाळ्यात खाली तापही कमी लागतो, पावसाळ्यानंतर परत मारावा लागतो इतकंच. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, तो उकळतो. पाण्यात चुना हळूहळू सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. रात्रभर ठेवा, फडक्याने गाळा, मूठभर मीठ आणि थोडा डिंक घाला म्हणजे हाताला कमी लागतो. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन हात द्या. डोळ्यांवर चष्मा आणि हाताला पिशवी हवीच. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. मुलं त्या दिवशी शेजारी पाठवलेली बरी.

पैसे आणि नाव

समजा गटाचा व्याजदर महिना २ टक्के आहे आणि व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं. टाइल्स-ग्रॅनाइटसाठी २०,००० रुपये घेऊन महिना हजाराने वीस हप्त्यांत फेडले, तर व्याज ४,२०० रुपये होतं. मोरीचा उतार, ट्रॅप आणि विटेच्या जाळ्या यांसाठी ६,००० घेऊन तसेच हजाराने सहा हप्त्यांत फेडले, तर व्याज ४२० रुपये. दुसरं काम पुढल्या वर्षी, पहिलं फिटल्यावर. घरदुरुस्तीतून उत्पन्न येत नाही, हप्ता मजुरीतूनच जातो, म्हणून कर्ज तुकड्यांत घेतलेलं बरं. 'फक्त शिलाई मशीन आणि शेळीलाच कर्ज द्यायचं' असं काही गट म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे, आणि धुराने खोकणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा हिशोब कुणी मांडत नाही.

आता ते राहिलेलं काम. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या अंगावर, आणि घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना ८ बघा. शेतीचा ८-अ वेगळा, त्यात गल्लत करू नका. गावातल्या घरांच्या नोंदी नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा निर्णय ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच काढलेला आहे. घरमालक नवऱ्याच्या संमतीचा अर्ज दिला की नाव लागतं. काही घरांत हा विषय काढला की वातावरण तापतं, हे माहीत आहे. "तुला काय घराबाहेर काढतोय का मी?" असं ऐकावं लागतं. पण मोरीसाठी कर्ज काढणार आहात हे घरात सांगायचंच असतं, तेव्हाच हेही सांगायला सोपं जातं. नवीन घरकुल मंजूर होत असेल तर नाव सुरुवातीलाच लावून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी आणा: कोळशाच्या खुणांची वही, नमुना ८ ची प्रत, आणि जवळच्या दुकानातले सिमेंट, कडप्पा, पाइप, ट्रॅप यांचे लिहून घेतलेले दर. एका गल्लीतल्या तीन-चार जणींचं काम एकाच आठवड्यात काढलं तर वाळूची एकच खेप पुरते आणि गवंडी, बिगाऱ्याचे दिवस वाया जात नाहीत. माल कालवणं, विटा भिजवणं, पाणी मारणं आळीपाळीने करता येईल. कुणाची मोरी आधी, हे मात्र बैठकीतच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.